23व्या मिनिटाला नेमके काय घडले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या मंगळवारी सात ओळींची एक बातमी होती. पंधरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत आमच्या गावचा संघ 1-0 असा हरला, एवढीच ती बातमी. तिची पाचवी ओळ अशी : ‘23व्या मिनिटाला बचावपटूच्या अक्षम्य चुकीमुळे पाहुण्या संघाला गोलाची संधी मिळाली.’ पुढे कंसात बचावपटूचे नाव. नाव तेवढे बिनचूक छापले होते. तो बचावपटू माझा नातू. वय वर्षे 14.

नातवाची वकिली करायला मी हे पत्र लिहीत नाही. तो चुकतो तेव्हा घरी येईपर्यंत त्याला माझ्याकडून ऐकून घ्यावे लागते, आमच्या सुनेला विचारा. पण त्या दुपारी मी मैदानावर होतो आणि आपला वार्ताहर नव्हता. निकाल फोनवरून कळवला गेला, हे आयोजकांपैकीच एकाने मला सांगितले. तेव्हा जे मी पाहिले ते लिहिणे भाग आहे.

आधी माझी लायकी सांगतो. मी फुटबॉल कधी खेळलो नाही. शाळेत गोलच्या मागे उभे राहून गटारात गेलेला बॉल आणून द्यायचे काम माझ्याकडे असे. पुढे सरकारी खात्यात कारकुनी केली आणि पस्तीसेक वर्षे गोव्यातल्या माशेल, खांडोळा, बेतकी, सावईवेरे या बाजूच्या जत्रांतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केले. प्रॉम्प्टरला एक खोड लागते. ज्याच्या तोंडी वाक्य आहे त्याच्याकडे तो बघत नाही, कारण ते वाक्य त्याच्या हातातल्या वहीतच असते. तो बघतो ज्याच्या तोंडी वाक्य नाही त्याच्याकडे. हा बाबा आपल्या जागेवर आहे ना, पुढच्या वाक्याला वळणार आहे ना, की समोर बसलेल्या मेव्हण्याकडे बघत उभा आहे? नाटक पडते ते बहुतेक वेळा अशा गप्प उभ्या असलेल्या माणसापायी, आणि शिव्या खातो तो ज्याचे वाक्य अडते तो.

फुटबॉल बघतानाही माझी खोड गेली नाही. बॉल ज्याच्या पायात आहे त्याला सगळे गाव बघत असते. बाकीच्या एकवीस जणांना मी बघतो. नातवाच्या सामन्यांना जाताना जुन्या नाटकाची एक वही बरोबर नेतो आणि तिच्या पाठकोऱ्या पानांवर खुणा करतो. आमची पोरे म्हणजे फुल्या, त्यांची म्हणजे शून्ये. पात्रांच्या हालचाली पूर्वी अशाच लिहून ठेवायचो.

मंगळवारी पेपर आला. पोर सोप्यावर बसून ती पाचवी ओळ दोनदा वाचून म्हणाले, “आजो, बॉल दिवपाचो खंय, तूंच सांग.” बॉल द्यायचा कुठे, ते तूच सांग. मी वही उघडली. उत्तर सापडायला दोन रात्री लागल्या.

आमचा संघ 4-4-2 असा उभा होता, त्यांचा 4-3-3. ज्यांना हे आकडे परके वाटतात त्यांच्यासाठी : मोजणी आपल्या गोलकडून सुरू होते आणि गोलीला धरत नाहीत. म्हणजे आमचे चार बॅक (बचावाला), चार हाफ (मधल्या फळीत) आणि दोन फॉरवर्ड (हल्ल्याला). माझ्या पिढीला हे आकडे कोणी शिकवले नाहीत. जुनी मंडळी दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड असे म्हणत, आणि राइट आऊट, लेफ्ट इन ही नावे त्यातलीच. प्रत्यक्षात ती मांडणी तेव्हाच मोडीत निघाली होती. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. फॉरवर्ड आणि गोल यांच्यामध्ये आधी तीन प्रतिस्पर्धी लागत, ते दोन झाले, आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला हाफ मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. आपल्याकडचे म्हातारे अजून ज्याला ‘स्टॉपर’ म्हणतात तो हाच. माझा नातू डाव्या बाजूचा स्टॉपर आहे.

पण 4-4-2 ही नाटकाच्या हस्तपत्रिकेवरची पात्रांची यादी झाली. यादी वाचून नाटक कळत नाही. दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या तर कुठे कोण कमी पडतो, ते मात्र लगेच दिसते. मैदानाच्या मध्यभागी त्यांचे तीन, आमचे दोन. आमचे बाकीचे दोन हाफ कडेला, रेषेजवळ. म्हणजे मधून बॉल न्यायचा तर आमच्या दोघांवर त्यांचे तिघे, त्यातला एक कायम मोकळा. उलट मागच्या बाजूला आमचे चार बॅक आणि त्यांच्या अंगावर येणारे फॉरवर्ड तीन. गोली धरला तर आमचे पाच. पाचांविरुद्ध तीन! हिशेबाने त्या पोरांना आमच्याकडून बॉल कधी मिळायलाच नको. मग चार वेळा कसा मिळाला?

होय, चार वेळा. हे आपल्या बातमीत नाही. वहीत 6, 11, 15 आणि 23 अशी मिनिटे लिहिलेली आहेत. चारही वेळा एकाच जागी, आमच्या डाव्या कोपऱ्यात, बॉल गेला. पहिल्या वेळी बाहेर जाऊन थ्रो झाला म्हणून वाचलो, दुसऱ्या वेळी आमच्या लेफ्ट बॅकने डोळे मिटून लांब टोलवला, तिसऱ्या वेळी गोलीने अडवला. चौथ्या वेळी गोल झाला आणि माझ्या नातवाचे नाव पेपरात आले.

आता तो चौथा प्रसंग सावकाश सांगतो. आमच्या गोलीने गोलकिक छोटी मारून नातवाला दिली. त्यांचा मधला फॉरवर्ड नातवाच्या अंगावर धावला, पण सरळ नाही. आमच्या दोन स्टॉपरांच्या मधून, विळ्यासारखा वळसा घेऊन आला. त्या वळशामुळे आमचा उजवा स्टॉपर त्याच्या पाठीमागे झाकला गेला. नातवाने तिकडे बॉल दिला असता तर तो फॉरवर्डच्याच पायाला लागला असता. धावला एक पोर, पण त्याने दोघांचा बंदोबस्त केला. आमच्या बाजूच्या पोरांचे सर याला ‘सावलीत घेणे’ म्हणतात. पाचांविरुद्ध तिघे कसे पुरतात याचे निम्मे उत्तर या वळशात आहे.

नातवाला एक वाट मोकळी दिसत होती, लेफ्ट बॅक. त्यांचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेचा फॉरवर्ड, मुद्दाम त्याच्यापासून लांब, थोडा आत उभा होता. नातवाने लेफ्ट बॅककडे बॉल सोडला आणि बॉल वाटेत असतानाच तो विंगर सुटला. बॉल पायाशी आल्यावर नव्हे, वाटेत असताना. दहा-बारा पावलांचे अंतर बॉल पोहोचेपर्यंत त्याने निम्मे केले. त्याच क्षणी त्यांच्या राइट बॅकने आमच्या कडेच्या हाफला गाठले आणि त्यांचा एक हाफ आमच्या मधल्या हाफच्या पाठीला चिकटला. लेफ्ट बॅकच्या एका अंगाला रेषा. रेषेसारखा बचावपटू दुसरा नाही. ती दमत नाही, फसत नाही, तिला यलो कार्डही मिळत नाही.

यात आणखी एक मेख आहे. आमचा लेफ्ट बॅक उजव्या पायाचा आहे. डावीकडे बॉल आला की त्याला उजव्या पायावर घ्यावा लागतो, म्हणजे तोंड आपल्याच गोलकडे वळते. त्या संघाच्या सरांनी हे कुठे तरी हेरले होते. उजव्या बाजूला त्यांनी हा डाव एकदाही टाकला नाही.

लेफ्ट बॅकने करायचे ते केले, बॉल परत नातवाकडे दिला. मैदान ओले, बॉल एक टप्पा जास्त उडाला. (चिखलकाल्याच्या, म्हणजे चिखलात खेळायच्या सणाच्या, गावच्या माणसाने चिखलाची तक्रार करू नये, म्हणून एवढेच.) तोवर मधला फॉरवर्ड चार पावलांवर. उजवा स्टॉपर अजून सावलीतच. आमचा गोली रेषेवर, दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. आमच्या दोन्ही फॉरवर्डनी अर्धरेषा ओलांडलेली, बॉल मिळाल्यावर काय करायचे या विचारात. समोर फक्त मधला हाफ दिसत होता आणि त्याच्या पाठीला त्यांचे पोर. नातवाने त्याला बॉल दिला, मागच्या पोराने पाय पुढे घातला, दोन पास आणि गोल. गोलकिकपासून बॉल जाईपर्यंत सगळे मिळून आठेक सेकंद.

आमचा राइट बॅक या आठ सेकंदांत पूर्ण मोकळा होता. इतका मोकळा की माशेलच्या बाजारात जाऊन बांगडे घेऊन परत आला असता तरी कोणी हटकले नसते. त्याला का सोडले होते? कारण तिथपर्यंत बॉल पोहोचत नाही, हे त्यांना माहीत होते. चिखलातून, दाबाखाली, सगळ्या मैदानावरून आडवा टोला मारणे चौदा वर्षांच्या पोराला जमत नाही. मोठ्यांनाही रोज जमते असे नाही.

या गोष्टीला पोरे ‘प्रेस’ म्हणतात. इस्त्रीवाला आणि आपण, या दोघांनंतर मला कळलेला हा तिसरा प्रेस. बहुतेकांना वाटते, प्रेस म्हणजे जोर लावून बॉलमागे धावणे. आमच्या कठड्यावरूनही तीच आरोळी येते, “धांव रे, धांव!” पण धावणे हा त्यातला सर्वांत शेवटचा भाग. आधी येते मोजमाप. मोठ्या माणसांचे आंतरराष्ट्रीय मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, म्हणजे 7140 चौरस मीटर. गोली सोडून दहा जणांनी ते वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला 714 चौरस मीटर येतात. एवढी बागायत कोण राखणार? म्हणून शहाणा संघ सगळे मैदान राखतच नाही. मागच्या बॅकपासून पुढच्या फॉरवर्डपर्यंत 30 मीटर आणि रुंदीला 40 मीटर, एवढ्या चौकोनात दहाही जण बॉलच्या बाजूला सरकतात. ते झाले 1200 चौरस मीटर, माणशी 120. लांबची बाजू उघडी टाकायची ती अशी हिशेबाने. त्या दुपारी त्यांचा चौकोन मी पावलांच्या अंदाजाने मोजला. मागून पुढे तीसेक पावले. आमचा पन्नासच्या वर. आमच्या फॉरवर्ड आणि बॅकमध्ये एक बालवाडी भरली असती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चौकोन लहान ठेवायचा तर मागच्या बॅकना पुढे, अर्धरेषेजवळ यावे लागते आणि त्यांच्या पाठीमागे मोकळे रान पडते. एकाने जरी आळस केला, फॉरवर्ड धावले आणि हाफ जागेवरच राहिले, तर मधल्या भगदाडातून एका पासमध्ये सगळा संघ कापला जातो. अर्धवट प्रेस करण्यापेक्षा मुकाट्याने मागे जाऊन उभे राहिलेले बरे. म्हणून तो सतत करायचा नसतो, खूण दिसली की करायचा. खुणा ठरलेल्या असतात : बॉल मागे दिला गेला, कोणाच्या पायावरून तो उसळला, घेणाऱ्याचे तोंड स्वतःच्या गोलकडे आहे, किंवा बॉल रेषेजवळच्या बॅककडे निघाला आहे. आमच्या दमट हवेत तर निवड केल्याशिवाय गत्यंतर नाही. साठ मिनिटे सगळेच धावू लागले तर संपताना स्ट्रेचर लागतील.

आमच्या घरासमोर पूर्वी खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, होते आणि बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार. भरतीला दार उघडून खारे पाणी आत घ्यायचे, ओहोटी लागली की दाराच्या तोंडाशी जाळे लावायचे. पाण्याबरोबर मासळी बाहेर निघते. बांध चहूकडून पक्का, मोकळी वाट एकच, आणि जाळे नेमके तिथेच. मासळीची त्यात काय चूक? ती पाण्याच्या ओढीने जाते. लेफ्ट बॅक ‘मोकळा’ दिसला तेव्हा माझ्या नातवाने ओहोटीच्या मासळीने करावे तेच केले.

मग खरोखर चुकले कोण? दोन रात्री वही बघून माझे मत असे झाले की सुटकेचे दार होते, पण ते गोलीच्या पायात होते. तो सात-आठ पावले पुढे, थोडा उजवीकडे आला असता तर नातवाला बॉल त्याच्याकडे देता आला असता आणि त्याने तो उजव्या स्टॉपरला दिला असता. सावली नातवापुरती होती, गोलीसाठी नव्हती. पाचांविरुद्ध तीन हा हिशेब गोली खेळला तरच खरा. तो रेषेवर मूर्ती होऊन राहिला की चार विरुद्ध तीन, आणि वळशाने एक झाकला की तीन विरुद्ध तीन.

पण मी त्या गोलीलाही दोष देणार नाही. त्याला गोलीचे काम शिकवले आहे त्याच्या मामाने, आणि मामाच्या वेळी गोलीला बॉल परत दिला की तो हातांत उचलून घेई आणि सगळे सुटकेचा श्वास सोडत. 1992 मध्ये नियम आला की आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला बॉल गोलीने हातात घ्यायचा नाही. तेव्हापासून गोली हा पायाने खेळणारा अकरावा गडी झाला. 2019 मध्ये आणखी एक बदल आला. पूर्वी गोलकिक पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलासमोरच्या आखलेल्या चौकोनाबाहेर) गेल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. आता लाथ बसून बॉल हलला की खेळ सुरू, म्हणून स्टॉपर क्षेत्राच्या आतच बॉल घेतो. बॉल मागून, पायापायाने पुढे नेण्याची जी रीत आज सगळीकडे दिसते, तिला या नियमाने बळ दिले, आणि तिला फासात पकडणाऱ्यांनाही. आमच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या झेपा ज्यांनी पाहिल्या त्यांना गोलीचे मोठेपण हातांत दिसते, आणि ते खरेच होते. आज मुलांना पायही शिकवावे लागतील, एवढेच.

मध्यंतरात आमच्या सरांनी दोन गोष्टी केल्या, ज्या बातमीत येणे शक्यच नव्हते. एक फॉरवर्ड मागे ओढून मधे घातला. म्हणजे 4-4-2 चे 4-5-1 झाले आणि मधे तीन विरुद्ध तीन. आणि गोलीला दंडाला धरून गोलरेषेपासून आठ पावले चालवत आणले व तिथे टाचेने खूण करून दिली. 38व्या मिनिटाला त्या संघाने पुन्हा तोच डाव टाकला. वळसा, सावली, विंगरची धाव, सगळे तसेच. नातवाने बॉल गोलीला दिला, गोलीने उजव्या स्टॉपरला, त्याने राइट बॅकला. तो मोकळाच होता, बांगडे घेऊन परत आलेला. त्यांचे सात जण चुकीच्या बाजूला राहिले आणि आमचा हल्ला थेट त्यांच्या क्षेत्रापर्यंत गेला. गोल झाला नाही. पण त्यानंतर त्यांच्या फॉरवर्डना धावावे की नको असे झाले. शेवटी शेवटी त्यांचे हाफ दमले, मधे भगदाड पडले, आणि 52व्या मिनिटाला आमचा एक फटका आडव्या खांबाला लागून परत आला. आम्ही हरलोच. पण दुसरा अर्धा सामना आम्ही वाईट खेळलो नाही, हे कोणी तरी लिहायला हवे होते.

ही विद्या आमच्या गावात उगवलेली नाही, हे मला माहीत आहे. नातवाच्या मोबाइलवर मी इटलीतल्या मिलान संघाचे एके काळचे प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्याविषयी पाहिले. हा गृहस्थ स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही, जोडे विकायचा. (माझी हिंमत वाढली ती तिथून.) तो आपल्या खेळाडूंकडून बॉलशिवाय सराव करून घेई. बॉल अमुक जागी आहे असे तो सांगे आणि अकराही जण त्याप्रमाणे सरकत. बघणाऱ्यांना हा वेडेपणा वाटे. मला वाटला नाही. वाक्ये न म्हणता नुसत्या हालचालींची तालीम आम्ही कित्येक वर्षे करत आलो, आणि ज्या मंडळींनी ती केली नाही त्यांची नाटके पडलेली मी विंगेतून पाहिली आहेत. साक्कींच्या मिलानने 1989 आणि 1990 अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप जिंकला. 1989 च्या अंतिम सामन्यात स्टेआवा बुखारेस्टला 4-0. पुढे युर्गेन क्लॉप या जर्मन प्रशिक्षकांनी बॉल गमावल्या गमावल्या तिथेच परत हिसकावण्यावर भर दिला. कारण साधे आहे. ज्याने नुकताच बॉल मिळवला त्याची मान खाली असते, आजूबाजूला कोण आहे हे त्याने अजून पाहिलेले नसते, आणि त्याचे सोबती विस्कटलेले असतात. ते पहिले चार-पाच सेकंद गेले की मग पाठ दाखवून मागे पळा.

हे गोव्यात दिसलेच नाही असेही नाही. सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचे प्रशिक्षक होते त्या काळात, 2017 पासूनच्या तीन मोसमांत, मी फोंड्याहून बस बदलून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जात असे. आमचा बॉल गेला की शेजारी बसणारे सासष्टीतले एक काका उभे राहून ओरडत, “फाटीं वचात रे!” मागे जा! आणि मैदानावरचे जवळचे दोघे-तिघे नेमके पुढे, बॉलच्या अंगावर जात. काकांना तीन मोसम ते पटले नाही. बॉल परत मिळाला की मात्र टाळ्या वाजवणारे पहिले तेच. त्या संघात मंदार राव देसाई डाव्या बाजूला बॅक म्हणून खेळे. तो मूळचा विंगर, लोबेरांनी त्याला मागे आणले. पुढे धावणारा बॅक हवा होता म्हणून. 2019-20 च्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) साखळीत संघाचे 18 सामन्यांत 46 गोल झाले. शेवटचे तीन सामने लोबेरांच्या जागी आपल्या क्लिफर्ड मिरांडांनी सांभाळले, जमशेदपूरला 5-0 ने हरवून संघ पहिला आला आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कोरोमिनासचे गोल सगळ्यांना आठवतात. अहमद जाहूने मधे उभे राहून हिसकावलेले बॉल किती जणांना आठवतात? त्यावर किती ओळी आल्या?

आता माझी मागणी. क्रीडा पान वाढवा असे मी म्हणत नाही. क्रिकेटच्या जाहिरातींना हात लावण्याचीही माझी छाती नाही. आहेत त्याच सात ओळी द्या. फक्त फोनवर निकाल घेताना एवढे तरी विचारा की दोन्ही संघ कसे उभे होते आणि गोलाआधी बॉल कुठे गेला. शंभर वर्षांची फुटबॉलची बोली गोव्यात आहे. स्टॉपर, हाफ, विंगर, थ्रो हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रेस आणि फॉर्मेशन हेही आठवड्याभरात रुळतील. नमुन्यादाखल त्याच सामन्याच्या सात ओळी मी लिहून पाहिल्या :

‘पाहुण्या संघाने 4-3-3 मांडणीत खेळत यजमानांच्या डाव्या कोपऱ्यावर सुरुवातीपासून दाब ठेवला. या डावातून त्यांनी पहिल्या 15 मिनिटांत तीनदा बॉल मिळवला. 23व्या मिनिटाला याच जागी यजमान बचावफळी कोंडीत सापडली आणि हिसकावलेल्या बॉलवर गोल झाला. मध्यंतरानंतर यजमानांनी मधल्या फळीत एक खेळाडू वाढवला व गोलीला पुढे खेळवले. त्यामुळे हा दाब सैल झाला. 52व्या मिनिटाला यजमानांचा फटका आडव्या खांबाला लागला.’

मोजून पाहा. आपल्या ओळींपेक्षा एखादा शब्द जास्त होईल, तर ‘यजमान’ एके ठिकाणी काढून टाका.

पुढच्या रविवारी आमचा सामना आहे, सकाळी साडेनऊला. आपल्या वार्ताहराला यायला जमले तर कठड्याच्या डाव्या टोकाला, वही घेतलेला म्हातारा मीच. जमले नाही तर वहीच्या पानाचा फोटो नातू पाठवील. फुल्या आमच्या, शून्ये त्यांची, हे मात्र लक्षात ठेवा. उलट छापले तर पुन्हा पत्र लिहावे लागेल.

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर, माशेल
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे. नातवासाठी तो छापू नये.)

ता. क. : आमचा लेफ्ट बॅक उजव्या पायाचा आहे हे पेपरात येऊ देऊ नये, असे नातवाचे म्हणणे पडले. पण जे पाहुण्या संघाला सहाव्या मिनिटाला ठाऊक होते ते लपवून काय उपयोग? म्हणून वाक्य ठेवले आहे. शिवाय ते पोर गेला आठवडाभर संध्याकाळी आमच्याच पडवीच्या भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारते आहे. भिंतीचा गिलावा पडला, त्याचा हिशेब मी त्याच्या बापाकडे मागणार आहे.